पाच पसे तूर

सलग तिसऱ्या दिवशी धुई पडली होती. सात वाजून गेले तरी संशोधन केंद्राच्या फाटकावरचा दिवा जळतच होता, आणि त्याखालचा वॉचमन नुसता खोकल्यावरून ओळखू येत होता. तूर ऐन फुलात असताना धुई म्हणजे घात. देठात पाणी बसतं. ऊन निघालं की फूल दिसायला पिवळंधमक, पण बोट लावलं की खाली.

म्हणून आसराबाई आणि सुरेखा दोरीची दोन टोकं धरून तुरीतून चालल्या होत्या. दोरी शेंड्यांवरून घासत गेली की पाणी झडायचं. साडीवर घातलेले दोघींचे निळे शर्ट कोपरापर्यंत भिजले होते. शर्ट केंद्रानं दिलेले, खिशावर कणसाचं चित्र.

"हळू चाल की," सुरेखा म्हणाली. "जावयाची गाडी आल्यासारखी काहून पळून राह्यलीस?"

"जावई आपल्या पायानं येतो. ऊन न्हाई थांबत."

आसराबाईचं वय बावन्न. मेंढरावाल्यांच्या घरातली. नवरा मल्हारी अजून पंधरा-वीस शेरडं राखतो. चोवीस वर्षांमागं ती या संशोधन केंद्रात खुरपायला म्हणून आली आणि तिच्या नजरेमुळं टिकली. कळपात दुसऱ्याचं मेंढरू घुसलं तर मेंढक्याला ते मोजायच्या आधीच दिसतं. तशी तिला दहा तासांवरून भेसळीचं झाड दिसायचं. तास म्हणजे पेरणीची ओळ. शिकलेली पोरं पुस्तक उघडून पानाचा आकार बघेपर्यंत आसराबाईनं झाड उपटून बांधावर फेकलेलं असायचं.

नऊ वर्षांमागची गोष्ट. केंद्रात मरीचं एक रान आहे. तिथं तुरीचा मर रोग मुद्दाम जपून ठेवलाय, वाण टिकतो का मरतो ते बघायला. त्या साली तिथं सगळंच वाळलं होतं. उपटायला गेलेल्या आसराबाईला मधोमध एक झाड हिरवंगार दिसलं. कुणी उपटू नये म्हणून तिनं पदराची चिंधी फाडून त्याला बांधली. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब आले. तूर विभागाचे मोठे शास्त्रज्ञ, आवाज बारीक पण सगळे त्यांना भ्यायचे.

"ही चिंधी कुणी बांधली?"

सगळ्या बाया खाली बघायला लागल्या.

"म्या बांधली सायब. हे येडं मरून नाही राह्यलं."

त्या एका झाडाचा पुढं वाण झाला. कागदावर त्याला आकड्यांचं नाव आहे. बायांच्या तोंडी मात्र ती चिंधीवाली.

वर्षामागं केंद्रानं आपलीच एक कंपनी काढली. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, बँकेच्या वरच्या मजल्यावर तिचं हापिस. अण्णासाहेबांनी बायांना चिंचेखाली बसवून नीट सांगितलं होतं. केंद्रानं शोधायचं, कंपनीनं विकायचं, आलेल्या पैशातून केंद्रानं पुन्हा शोधायचं. "याआधी दोन वाण आपण हातोहात वाटले," ते म्हणाले. "याच्याकडून त्याच्याकडं गेले, भेसळ झाली, आणि शेतकऱ्यांनी शिव्या दिल्या त्या आपल्याला. आता शिक्क्याच्या पिशवीशिवाय दाणा बाहेर जायचा नाही."

मल्हारीला हे रात्री सांगितलं तर तो हसला. "म्हंजी केंद्राला लेक झाली म्हण की. आता समदं घर लेकीला वाहून देतील बघ."

आसराबाई तेव्हा हसली नव्हती. तिच्याही लेकीचं चाललं होतं. वर्षाराणीनं सासूपासून चूल वेगळी केली होती. मंठ्याच्या अलीकडं, वाटूर फाट्यावरून आत तिचं सासर. वाटणीला दीड एकर हलकं रान आलं, आणि त्यात मर ठरलेली. आसराबाईच्या माहेरी एक रीत होती. लेक वेगळी निघाली की मायनं तिच्या पदरात पाच पसे, म्हणजे पाच ओंजळी, बियाणं घालायचं. चूल सासरची, बी मायचं. आजीनं मायला घातलं, मायनं आसराबाईला. मंग मरीच्या रानात घालायला चिंधीवालीशिवाय दुसरं कोणतं बी द्यावं?

चाळणीखालचं बारकं, फुटकं धान्य बायांनी डाळीला न्यायचं, ही केंद्रातली जुनी वहिवाट. गेल्या जानेवारीत तीही बंद झाली. गोदामातून पोतं, पिशवी, पुडकं काहीही न्यायचं नाही, अशी नोटीस कंपनीच्या कल्याणनं वाचून दाखवली. आसराबाईनं ती नीट ऐकली. पोत्याचं बोलले, पिशवीचं बोलले. पशाचं कोणी बोललं नव्हतं. शेवटच्या चाळणीखालून तिनं भरले दाणे एकेक करून निवडले, लुगड्याच्या ओच्यात घातले आणि फाटकातून बाहेर पडली. आपण काही चोरतोय असं तिच्या मनात तेव्हा आलंच नाही. ते आलं ते या धुईच्या सकाळी, साडेआठला.

दोरीचं काम संपवून दोघी जाळीच्या पिशव्या बांधत होत्या. निवडलेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून तोंड आवळायचं, म्हणजे मधमाशी दुसऱ्या झाडाचा पराग आणत नाही. तेवढ्यात कल्याणची मोटारसायकल बांधाला येऊन थांबली. कल्याण तिशीतला, कंपनीचा माणूस, बोलायला गोड.

"मावशी, इकडं या. एक गंमत दाखवतो."

मोबाइलवर फोटो होता. फुलातली तूर, पाकळ्यांच्या पाठीवर लाल रेघा. अशा रेघा या भागात एकाच वाणाला होत्या.

"ही आपलीच न्हाई का?" सुरेखा म्हणाली.

"आपलीच. पण आपल्या रानातली न्हाई. मंठ्याच्या राधेश्यामनं पाठवली, बियाण्याचं दुकान आहे त्याचं. म्हणतो, तुमचा माल तुमच्याआधी बाजारात आला की काय? मावशी, पुढच्या हंगामात आपण विकायला काढणार, आणि ही तिकडं फुलात! रान कोणाचं ते फोनवर न्हाई सांगितलं, दोन वाजता जाऊन राह्यलोय. पंचनामा करायचा, समदं उपटायचं, पोलिसात द्यायचं."

आसराबाईनं फोटोत पुन्हा बघितलं. तुरीच्या मागं, कोपऱ्यात, एक बुजगावणं होतं. त्याच्या अंगात निळा शर्ट. तिनंच पोरीला दिलेला, जुना झालेला. खिशावरचं कणीस अर्धं दिसत होतं. कल्याण बोटानं फोटो मोठा करत होता, पण फुलं बघायला. बोट इंचभर डावीकडं सरकलं असतं तर.

"पण गेलं कसं बाहेर?" सुरेखानं विचारलं. बुजगावणं तिलाही दिसलं होतं. ती आसराबाईकडं बघत नव्हती, त्यावरूनच ते कळत होतं.

"तेच तर. गोदामाच्या चाव्या अण्णासाहेबांकडं होत्या. मार्चमध्ये रिटायर होऊन राह्यलेत बिचारे. जाता जाता डाग."

मोटारसायकल गेली. दोघी पिशव्या बांधत राहिल्या. सुरेखा हळूच म्हणाली, "म्या काही पाह्यलं न्हाई बघ. पण त्या शर्टाचं तिसरं बटण मीच लावून दिल्तं तुला, काळ्या दोऱ्यानं."

आसराबाईच्या हातातली नाडी सुटली. तिनं ती परत बांधली की नाही, हे तिलाच कळलं नाही. पाण्याचं निमित्त करून ती विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं गेली आणि लेकीला फोन लावला.

"वर्षे, रानात कोण आल्तं?"

"राधेश्याम आल्ता परवा, औषध दाखवायला. फोटो काढून गेला. म्हणला, वहिनी, तूर झक्कास हाय."

"अन् तू काय म्हणलीस?"

"म्हणलं, मायनं दिलेली हाय."

आसराबाई भिंतीला टेकली. मग जमेल तेवढं सांगितलं. पलीकडं आधी बैलाच्या घुंगराचा आवाज येत होता, तो थांबला.

"माय, उपटू का समदी? आत्ता लागले तर दोनपर्यंत होतील. हे कारखान्यावर गेलेत, घरी कोण न्हाई. अन् सासूबाई तर टपूनच हायेत. मायनं चोरीचं आणून दिलं, असं गावभर करतील. माय, बोल की. उपटू?"

चोवीस वर्षं तिनं हजारो झाडं मागं-पुढं न बघता उपटली होती. पोरीचं पहिलं पीक होतं ते. सासूचे शब्द झेलत, कळशीनं पाणी घालून जगवलेलं. उपटलं तर पुरावा जाईल. पण फोटो राहील. आणि चाव्यांचा डाग अण्णासाहेबांच्या अंगावर राहील.

"तू आधी त्या बुजगावण्याचा शर्ट काढ."

"काढते. अन् तूर?"

"हात लावू नको. बिलकुल न्हाई. बुडावरची माती दिसली तरी त्यायला कळन. मी बघते."

काय बघणार होती, देवाला माहीत. ती बियाण्याच्या खोलीकडं निघाली खरी, पण वाटेत दोनदा थांबली. एकदा चप्पल झटकायला, एकदा उगीच.

अण्णासाहेब पाकिटांवर तारखा टाकत होते. आसराबाई दारातच उभी राहिली.

"सायब, ती मंठ्याकडची तूर म्या दिली. लेकीला. पाच पसे."

अण्णासाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"नोटीस वाचली तेव्हा तुम्ही होता?"

"होते."

"मग?"

"पोत्याचं बोलले सायब, पिशवीचं बोलले. पशाचं..." इथं बोलल्यावर ते वेगळंच ऐकू येत होतं.

"पशाचं कोणी बोललं नाही," अण्णासाहेबांनी ते पुरं केलं. बारीक आवाज आणखी बारीक झाला. "आसराबाई, आधीचे दोन वाण पशापशानंच गेले. कुणी पोतं नेलं नव्हतं. भाच्याला पसाभर, व्याह्याला पसाभर. चार वर्षांत त्यात आपलं काही उरलं नाही. आणि तुम्ही? कोणी दुसरीनं केलं असतं तर समजलो असतो."

ती रडली नाही. उंबऱ्याच्या आत आली. "माझं काय करायचं ते करा. पोरीचं रान उपटू नका. पह्यलं पीक हाय तिचं."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रान कसलं आहे?"

"हलकं. मरीचं. त्यासाठीच तर."

"आणि मेलीत किती?"

"एकबी न्हाई म्हणती."

दोनची गाडी अण्णासाहेबांनी बाराला काढायला लावली. पुढं ते आणि कल्याण, मागं आसराबाई. कल्याणला सगळं सांगून झालं होतं आणि आता तो मावशी म्हणत नव्हता. धुई विरून ऊन पडलं होतं. वाटूर फाट्यापर्यंत पंचनाम्याचे कोरे कागद कल्याणच्या मांडीवर फडफडत होते आणि तो वरून हात दाबून धरत होता.

वर्षाराणी बांधावर उभी होती. पदर खोचलेला, तोंड उतरलेलं. पलीकडच्या बांधावर तिची सासू म्हैस घेऊन हजर. म्हशीला तिथं चरायला काडीही नव्हती.

"काय इहीणबाई," सासू तिथूनच ओरडली, "आज सरकारी गाडीतून? काय भानगड काढली म्हणावं?"

अण्णासाहेबांनी ऐकलं, पण ते आधी शेजारच्या रानात शिरले. तिथली तूर निम्मी वाळली होती. एक झाड उपटून त्यांनी चाकूनं खोड उभं चिरलं. आत मरीची काळी रेघ. मग ते वर्षाराणीच्या रानात आले. बांधाच्या अल्याड-पल्याड तीच माती, आणि इकडं कमरेच्या वर हिरवी तूर, मधमाश्या घोंघावत होत्या. अण्णासाहेब तासातून चालत गेले, चालत आले. कल्याणनं मोबाइल काढला आणि दोन्ही रानं एकाच फोटोत येतील असा बांधावर उभा राहिला. एक काढला. मग बसून एक काढला. त्याचा चेहरा बदलत चालला होता.

"सर, असा फोटो आपल्या एकाही प्लॉटवर निघाला न्हाई."

"जालन्याला फोन लावा," अण्णासाहेब म्हणाले. "सांगा, ही केंद्राची चाचणी आहे, माझ्या सांगण्यावरून. नोंद करायची राहिली, ती चूकही माझीच."

कल्याण रेंज शोधत विहिरीकडं गेला. तो बोलताना हात हलवत होता, थांबत होता, परत हलवत होता. मायलेकी त्याच्या हाताकडं बघत उभ्या. दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात अण्णासाहेबांनी पलीकडं आवाज दिला, "बाई, तुमच्या सुनेच्या रानात केंद्राचं बियाणं तपासायला लावलंय. सांभाळलंय चांगलं." सासूनं म्हशीचं दावं ओढलं आणि वळली.

कल्याण परत आला. उपटायचं नाही. पोलिसही नाही. पण तूर झाली की दाणान्‌दाणा कंपनीचा, बाजारभावानं. घरात बियाणं ठेवायचं नाही, डाळीलासुद्धा नाही.

"घुगऱ्या करायलाबी न्हाई?" वर्षाराणीनं विचारलं.

"न्हाई ताई. अन् मावशी, तुम्ही सही करायची." मावशी परत आली होती. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: हे बियाणं केंद्राबाहेर या रानाशिवाय दुसरीकडं कुठंही नाही.

आसराबाईनं पेन हातात घेतलं आणि सवयीनं रानावर नजर टाकली. दोन फुटांवर एकेक दाणा बोटानं मातीत टोबलेला. एवढ्या लांबीच्या रानात एका पशाला सहा तासं लागतात, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पाच पशांची तीस. तिनं मोजली. अठरा. पुन्हा मोजली. अठराच.

तिनं लेकीकडं बघितलं. वर्षाराणी पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत होती.

अण्णासाहेबही रानाकडंच बघत होते. "आसराबाई," ते म्हणाले, "एवढंच ना?"

पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं. तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला.

"एवढंच," आसराबाई म्हणाली, आणि सही केली.

गाडी वळवेपर्यंत तिनं लेकीला विहिरीआड गाठलं.

"दोन पसे कुठं गेले?"

"नणंदेला दिले."

"वर्षे!"

"ती वेगळी निघाली ना माय, उन्हाळ्यात. तिला कोण देणार? पदर पसरून उभी राह्यली माझ्यापुढं. म्हणली, वहिनी, तुझी सासू मला सावत्र, मला माय न्हाई. मंग म्या घातले."

आसराबाईच्या मायनंही तेच केलं असतं.

"कुठं दिली तिला?"

"जिंतुराकडं. रस्त्याला लागूनच हाय रान."

"बुजगावणं हाय का तिथं?"

"माय, मला काय माहीत!"

"फोन कर. फोटो काढू देऊ नको म्हणावं कोणाला. अन् कुणी पदर पसरला तर..." ती थांबली. देऊ नको म्हणावं, हे तिच्या जिभेवर येईना. "जल्दी फोन कर," एवढंच म्हणून ती गाडीत बसली.

परतीच्या वाटेवर कल्याण शीळ घालत होता. त्यानं फोटो मागं वळून तिलाही दाखवला, इकडं वाळलेलं, इकडं हिरवं. "मावशी, पिशवीवर हाच छापू." आसराबाईनं मान हलवली. रस्त्याकडेच्या प्रत्येक रानात तिची नजर तुरीच्या फुलांवर जात होती, पाठीवरच्या लाल रेघा शोधत. अण्णासाहेबांनी वाटभर मागं वळून बघितलं नाही. केंद्राच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा वॉचमननं तिची पिशवी उघडून बघितली. आजपासून येता-जाता बघायचा हुकूम आला होता. आत भाकरीचं फडकं होतं, ते त्यानं झटकून परत दिलं.

चार वाजले होते. सुरेखानं एकटीनं बरंच उरकलं होतं. तिनं विचारलं नाही, नुसती भुवई वर केली.

"उपटली न्हाई," आसराबाई म्हणाली.

"मंग तोंड असं काहून?"

"धुई हाय म्हणून."

"धुई सकाळीच गेली, माय."

आसराबाई सकाळच्या तासाकडं गेली. सातव्या झाडाची पिशवी उघडीच राहिली होती, नाडी लोंबत होती. आत एक मधमाशी फुलातून फुलात फिरत होती. कुठली आली, कुठल्या तुरीवरून आली, कोण सांगणार? तिनं पिशवी काढली, माशी झटकली, आणि त्या फांदीवरची उमललेली फुलं एकेक करून खुडून टाकली. एकही ठेवलं नाही. मिटलेल्या कळ्या तेवढ्या राहू दिल्या. पिशवी परत चढवली, नाडी दोनदा फिरवून गाठ मारली, ओढून बघितली, आणि आठव्या झाडाला हात घातला.